मॅरो रिकामा असताना प्रतिकारशक्ती दाबायची कशाला? अप्लास्टिक अ‍ॅनिमियाविषयी सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय २६, वजन ५० किलो. दोन महिने धाप लागत होती, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी १,६००, त्यांत न्यूट्रोफिल ३२०, प्लेटलेट ८,०००. बायोप्सीत मॅरोचा (हाडांतल्या अस्थिमज्जेचा, जिथे रक्तपेशी तयार होतात) जेमतेम दहावा हिस्सा पेशींनी भरलेला, बाकी सगळी चरबी. निदान अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे मॅरोत रक्तपेशी बनणंच बंद पडणं; तोही ‘इम्यून’ प्रकारचा, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला. डॉक्टरांनी एटीजी (प्रतिकारशक्ती दाबणारं, प्राण्यांच्या रक्तातून बनवलेलं औषध) किंवा ट्रान्सप्लांट (दात्याचा मॅरो चढवणं) असे दोन मार्ग सांगितले आहेत. घरच्यांची शंका: पांढऱ्या पेशी आधीच इतक्या कमी, मग प्रतिकारशक्ती आणखी दाबायची कशाला? आणि दोन्हींतलं निवडायचं काय?

पहिल्या शंकेचं मूळ ‘पांढऱ्या पेशी’ या शब्दात आहे. ती एक जात नव्हे. जंतू शिरले की धावून जाणारे न्यूट्रोफिल मॅरोत रोज नव्याने तयार होतात आणि रक्तात काही तासच टिकतात, त्यामुळे कारखाना बंद पडला की ते लवकर संपतात. टी-लिम्फोसाइट मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जगतात. मॅरो रिकामा झाला तरी ते शाबूत असतात, आणि या आजारात मारेकरी तेच आहेत. सीडी-८ जातीच्या टी-पेशींची मोजकी कुळं बेसुमार वाढतात, स्वतःच्याच मूळपेशींना (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात) परकं समजतात आणि इंटरफेरॉन-गॅमा व टीएनएफ ही रसायनं सोडतात. या माऱ्यामुळे मूळपेशीच्या अंगावर ‘फास’ नावाचा रिसेप्टर उगवतो, आणि तो ओढला गेला की पेशी आपण होऊन मरते. मराठीत हे नाव भलतंच चपखल बसतं. टी-पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशीही याच काळात कमी झालेल्या असतात. म्हणजे औषध दाबतं ते हल्लेखोरांना. राखणदार तर आधीच संपलेत, आणि हल्ला थांबल्याशिवाय ते परत येणार नाहीत.

हा केवळ तर्क नाही. १९७० मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज माते यांनी अशा रुग्णांना दुसऱ्याचा मॅरो रुजावा म्हणून आधी लिम्फोसाइटविरोधी सीरम (आजच्या एटीजीचं जुनं रूप) दिलं. दात्याचा मॅरो टिकला नाही, पण काही रुग्णांचा स्वतःचाच मॅरो परत सुरू झाला. उपचाराचा शोध असा चुकून लागला. दुसरा पुरावा रुग्णाच्या रक्तातच सापडतो. हल्ल्यातून निसटण्यासाठी काही मूळपेशींनी ‘वेश बदललेला’ असतो: कुणी पिग-ए या जनुकात बदल होऊन पृष्ठभागावरची ठरावीक प्रथिनं गमावलेली असतात, त्यांना पीएनएच क्लोन म्हणतात आणि तो निम्म्याच्या आसपास रुग्णांत लहान प्रमाणात दिसतो. कुणी सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए टाकून दिलेला असतो. टी-पेशी ज्या खुणेवरून ओळखतात ती खूणच पुसून टाकलेली! म्हणून लहान पीएनएच क्लोन हा या आजाराच्या इम्यून असण्याचा भक्कम साक्षीदार मानतात, आणि असे रुग्ण एटीजीला बरा प्रतिसाद देतात.

हल्ला सुरू कशाने होतो, हे बहुतेकांत कळत नाही. काहींना दोन-तीन महिने आधी कावीळ होऊन गेलेली असते आणि हिपॅटायटिसच्या ए ते ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह असतात. हे बहुतांशी तरुण मुलगे असतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि कार्बामाझेपिनसारखी औषधं, बेंझीन, गरोदरपण, थायमसची (छातीतल्या ग्रंथीची) गाठ आणि अलीकडे कॅन्सरसाठी दिली जाणारी चेकपॉइंट इन्हिबिटर औषधं यांचाही संबंध दिसतो. संशयित औषध बंद करावं, पण ‘ते बंद केलंय, आता महिनाभर वाट पाहू’ असं तीव्र आजारात करू नये.

आता मुद्द्याचं. या आजारात उपचार उपलब्ध असूनही माणसं दगावतात ती बहुधा क्रम चुकल्यामुळे. पहिले तीन-चार आठवडे बी-१२ची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या आणि प्रेडनिसोलोनमध्ये जातात, आणि दाता जुळतो का ते पाहणाऱ्या एचएलए तपासणीचं नाव निघतं ते बुरशीचा न्यूमोनिया झाल्यावर. नुसत्या स्टेरॉइडचा या आजारात उपयोग नाही. उलट त्याने बुरशीला दार उघडतं आणि खुब्याचं हाड सुकण्याचा धोका वाढतो. पपईच्या पानांचा रस, खिमट, बीट यांनी प्लेटलेट वाढत नाहीत, कारण प्लेटलेट बनवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशीच इथे जागेवर नाहीत.

निदानाची खातरजमा मात्र घाई न करता करावी. आपल्याकडे तिन्ही पेशी एकदम कमी दिसल्या तर पहिला संशय बी-१२च्या कमतरतेचा, विशेषतः शाकाहारी माणसात. पण त्यात मॅरो रिकामा नसतो, उलट खच्चून भरलेला असतो. पावसाळ्यात डेंग्यूचा गोंधळ होतो, पण डेंग्यूतले आकडे आठ-दहा दिवसांत वर येतात. प्लीहा किंवा गाठी वाढलेल्या असतील तर ते अप्लास्टिक नव्हे असं समजून क्षयरोग, लिम्फोमा, ल्युकेमिया शोधावा. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तरी हुबेहूब असंच चित्र दिसतं. घरातल्या गोळ्यांची पिशवी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. फक्त सुईने ओढलेल्या मॅरोवर निदान करू नये. कधी सुई एखाद्या शिल्लक राहिलेल्या बेटात जाते आणि मॅरो ठीक असल्याचं वाटतं, कधी रक्ताने पातळ झाल्याने खोटाच रिकामा दिसतो. हाडाचा तुकडा लागतो, शक्यतो दोन सेंटिमीटरचा.

तीव्रतेची व्याख्या ठरलेली आहे: मॅरो २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेला आणि पुढच्या तीनांपैकी दोन गोष्टी: न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली, रेटिक्युलोसाइट (नुकत्याच बनलेल्या तांबड्या पेशी) मशीनवर मोजले असता ६०,००० च्या खाली. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली असतील तर अतितीव्र. तुमच्या भावाचा आजार दिलेल्या आकड्यांवरून तीव्र आहे, अतितीव्र नाही. तरी महिन्यांचं नव्हे, आठवड्यांचं नियोजन हवं.

सोबत चार तपासण्या लगेच पाठवाव्यात. एक, पीएनएचसाठी फ्लेअर हे चमकणारं द्रव्य वापरून फ्लो सायटोमेट्री (यंत्रावर एकेक पेशी पाहणारी तपासणी), ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइटवर. तांबड्या पेशींवर केली तर चढवलेल्या रक्तामुळे निकाल फसवा येतो. दोन, मॅरोचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), कारण सातवं गुणसूत्र एक कमी असेल तर आजार एमडीएसकडे (मॅरोत सदोष पेशी बनण्याचा, ल्युकेमियाकडे वळू शकणारा आजार) झुकलेला आहे. तीन, गुणसूत्र तुटण्याची तपासणी, म्हणजे मायटोमायसिन-सी किंवा डीईबी टाकून फॅन्कोनी हा मॅरो निकामी करणारा आनुवंशिक आजार पाहणं. रुग्ण ठेंगणा नाही, अंगठा ठीक आहे, म्हणून ती टाळू नये. फॅन्कोनी विशीत-तिशीतही पहिल्यांदा दिसतो. मामे-आते भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत तर ती हवीच. फॅन्कोनीत एटीजीचा फायदा नसतो, आणि ट्रान्सप्लांटआधीच्या केमोचा नेहमीचा डोस जीवघेणा ठरतो. घरात कुणाचे विशीतच केस पिकलेले, नखं झिजलेली, जिभेवर पांढरे चट्टे, फुप्फुस आखडण्याचा किंवा कारणाशिवाय लिव्हर सिऱ्होसिसचा इतिहास असेल तर टेलोमेअरचा (गुणसूत्रांच्या टोकांचा) आजार शोधावा. तिथे डॅनॅझॉल या संप्रेरकासारख्या औषधाचा उपयोग होतो. चौथी तपासणी एचएलए. रुग्णाची आणि सगळ्या सख्ख्या भावंडांची, पहिल्याच आठवड्यात. पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर रुग्णाचा नमुना गालाच्या आतल्या कडेवरून घेता येतो.

ही तपासणीच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरवते. एका सख्ख्या भावंडाचा एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील तर कुणा एकाचा तरी जुळण्याची सुमारे ४४, तीन असतील तर ५८. वय ४० च्या आत आणि जुळणारं भावंड असेल तर पहिला उपचार ट्रान्सप्लांट, एटीजी नव्हे. तरुणांत आणि सख्खा दाता असताना दीर्घकाळ जगण्याचं प्रमाण ८० ते ९० टक्क्यांच्या घरात आहे, आणि आजार परत येण्याची किंवा ल्युकेमियाकडे वळण्याची टांगती तलवार बहुतेक निघून जाते. सायक्लोफॉस्फामाइड चार दिवसांत मिळून किलोमागे २०० मिलिग्रॅम आणि एटीजी ही जुनी, भरवशाची तयारी. भारतात बरीच केंद्रं फ्लुडाराबिन घालून सायक्लोफॉस्फामाइड कमी करतात. किरणोत्सर्ग सहसा लागत नाही. तरी पुरुषाने आधी वीर्य साठवून ठेवावं, त्यासाठी एक दिवस पुरतो. मूळपेशी शक्यतो कमरेच्या हाडातून काढलेल्या असाव्यात. रक्तातून गोळा केलेल्या पेशी लवकर रुजतात, पण जुनाट जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला) वाढवतात. आणि या आजारात, ल्युकेमियासारखं नाही, जीव्हीएचडीचा रुग्णाला काडीचाही फायदा नसतो. भावंड दाता ठरलं तर त्याचेही रक्ताचे आकडे आणि आनुवंशिक तपासण्या नीट पाहाव्यात.

भावंड जुळत नसेल तर प्रौढांत एटीजी, सायक्लोस्पोरिन (टी-पेशींना दाबणारी गोळी) आणि एल्ट्रॉम्बोपॅग (मूळपेशींना चालना देणारी गोळी) हे त्रिकूट. अर्ध्या जुळणीचे ट्रान्सप्लांट, म्हणजे आई-वडील किंवा भावंडांकडून घेऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत, गेल्या दहा-बारा वर्षांत खूप सुधारली आहे. न्यूट्रोफिल १०० च्या आत आणि फुप्फुसात बुरशी असेल तर एटीजीचे तीन महिने हातात नसतात, तिथे मी अर्ध्या जुळणीकडे लवकर झुकेन. तुमच्या भावाला ताप नसेल आणि भावंड जुळत नसेल, तर आधी एटीजी हा रास्त निर्णय आहे.

एटीजी घोड्याचं की सशाचं, हे विचारून घ्या. नाव एक असलं तरी औषधं वेगळी. २०११ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतल्या १२० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, सशाच्याला ३७ टक्क्यांनी. सशाचं अधिक जोरकस, म्हणून अधिक चांगलं, हा अंदाज सपशेल चुकला. पहिल्या खेपेला घोड्याचंच हवं. डोस किलोमागे ४० मिलिग्रॅम, रोज, चार दिवस. ५० किलोच्या माणसाला रोजचे २,००० मिलिग्रॅम. २५० मिलिग्रॅमची कुपी धरली तर रोज ८ आणि एकूण ३२. सगळा साठा हातात आल्याशिवाय पहिला दिवस सुरू करू नये. मध्येच दोन दिवस औषध नाही, असं झालं तर उपचार वाया जातो.

देण्याची पद्धत: आधी त्वचेत चाचणी. सेंट्रल लाइनमधून, फिल्टर लावून, सलाइनमध्ये पातळ करून, सावकाश, पहिल्या दिवशी तर १२ तासांहून अधिक घेऊन. नुसत्या डेक्स्ट्रोजमध्ये मिसळू नये, साका बसतो. अर्धा तास आधी मिथाइलप्रेडनिसोलोन, अ‍ॅविल किंवा तत्सम, आणि पॅरासिटामॉल. पहिल्या दिवशी हुडहुडी आणि ताप जवळजवळ ठरलेला; तरीही प्रत्येक तापाला कल्चर काढून अँटिबायोटिक सुरू करायचं, कारण हा ताप औषधाचा की जंतूंचा हे खाटेशी उभं राहून सांगता येत नाही. या दिवसांत प्लेटलेट २० हजारांच्या वर राखायच्या, मात्र एटीजी चालू असतानाच प्लेटलेट चढवायच्या नाहीत. एटीजी प्लेटलेटही मारतं, पिशवी फुकट जाते. किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवडे देऊन मग उतरवतात. ते आजारासाठी नसतं, सातव्या ते चौदाव्या दिवसांत होणाऱ्या सीरम सिकनेससाठी असतं: सांधे धरणं, ताप, तळहात-तळपायांच्या कडांना लाल पुरळ. घरी सोडल्यानंतर असं झालं की लोक चिकुनगुनिया समजतात.

सायक्लोस्पोरिन पहिल्या दिवसापासून, किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम, दोन भागांत. भावाला १२५ मिलिग्रॅम सकाळी, तितकंच रात्री. रक्तातली पातळी सकाळच्या गोळीच्या आधी काढायची. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलेल्यांचा आकडा हजारात येतो, डोस उगाच निम्मा होतो आणि महिना वाया जातो. ही चूक इतकी नित्याची आहे की पातळी जास्त आली तर डोस बदलण्याआधी रुग्णाला वेळ विचारावी. बहुतेक केंद्रं १५० ते २५० नॅनोग्रॅमच्या आसपास ठेवतात, काही त्याहून वर. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी पातळी चढते. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने ती जवळजवळ नाहीशी होते. पपनस टाळावं, त्यानेही चढते. कंपनी बदलली तर पातळी पुन्हा तपासावी. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि रक्तदाब सुरुवातीला दर आठवड्याला. हिरड्या सुजणं आणि अंगावर केस वाढणं हे त्रासदायक असलं तरी औषध थांबवण्याचं कारण नव्हे.

एल्ट्रॉम्बोपॅगचं काम मजेशीर आहे. मूळपेशींना जगायला थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक लागतं, पण इंटरफेरॉन-गॅमा त्यालाच चिकटून त्याची किल्ली कुलपात शिरू देत नाही. एल्ट्रॉम्बोपॅग त्याच कुलपाला दुसऱ्या बाजूने उघडतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या रेस चाचणीत, १९७ रुग्णांत, हे औषध जोडल्यावर सहा महिन्यांचा प्रतिसाद ४१ वरून ६८ टक्क्यांवर गेला. डोस प्रौढांत रोज १५० मिलिग्रॅम. पूर्व आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांत निम्मा. घोळ होतो तो जेवणाचा. कॅल्शियम आणि लोहाशी ते बांधलं जातं, म्हणून दूध, दही, ताक, नाचणी, अँटासिड यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्यायचं. रात्रीचं जेवण आठला ताकाशिवाय आटोपून गोळी बाराला, हे बऱ्याच घरांत जमतं. यकृताच्या तपासण्या दर दोन आठवड्यांनी. औषधाचा रंग सीरममध्ये उतरतो आणि काही यंत्रांवर बिलिरुबिन चुकीचं येतं, हे लॅबला सांगून ठेवा.

यानंतरचा काळ सर्वांत कठीण. एटीजीनंतर आकडे आधी आणखी खाली जातात. प्रतिसाद तीन ते सहा महिन्यांत येतो; दुसऱ्या महिन्यात ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडणारे बरेच असतात. आधी रक्ताच्या पिशव्यांमधलं अंतर वाढतं, मग आकडे दिसतात. प्लेटलेट पूर्ववत झाल्या नाहीत तरी ४०-५० हजारांवर स्थिरावल्या आणि रक्त लागेनासं झालं तर तो प्रतिसादच.

तोवर तग धरायचा तो रक्तपेढीच्या आधारावर. दाता मात्र नातेवाईक नको. भाऊ-बहीण उद्या मॅरो देणार असतील आणि आज त्यांचंच रक्त चढवलं, तर रुग्णाचं शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध तयार होतं आणि ट्रान्सप्लांट फेटाळला जातो. मित्रांना, सहकाऱ्यांना बोलवा. पिशव्या ल्युकोफिल्टरमधून गेलेल्या (पांढऱ्या पेशी गाळलेल्या) आणि इरॅडिएट केलेल्या (किरण दिलेल्या) असाव्यात. ताप-रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १० हजारांच्या खाली गेल्यावर, ताप असेल तर २० हजारांना. एसडीपीची (एकाच दात्याच्या प्लेटलेटची) एक पिशवी साधारण ३० हजारांनी आकडा वाढवते; तासाभरानंतरच्या मोजणीत वाढलाच नाही तर अँटिबॉडीचा विचार करावा. हिरड्यांतून रक्त आलं तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गुळण्या. स्त्रियांत पाळी थांबवण्याची गोळी. स्नायूत इंजेक्शन, अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, एनिमा बंद.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट दिसला की रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबणं इथे परवडत नाही. बॅग भरून ठेवा, रात्री दोनला कुणाला फोन करायचा ते लिहून दाराला चिकटवा. घरात रंगकाम, फरशी फोडणं, कुंड्यांची माती उपसणं हे सगळं पुढे ढकला. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजकण तिथूनच येतात.

सहा महिन्यांनंतरही प्रतिसाद नसेल तर दुसऱ्यांदा एटीजी किंवा अलेमटुझुमॅब या दुसऱ्या लिम्फोसाइटविरोधी औषधाने साधारण एक तृतीयांशांनाच फायदा होतो; तरुणात तेव्हा पर्यायी दात्याचा ट्रान्सप्लांट बरा. सायक्लोफॉस्फामाइडचा मोठा डोस एटीजीऐवजी देण्याचा प्रयोग बुरशीच्या बळींमुळे मागे पडला.

हाच इम्यून हल्ला कधी एकाच जातीच्या रक्तपेशींवर होतो. फक्त तांबड्या पेशी थांबल्या तर प्युअर रेड सेल अप्लेझिया: छातीचं सीटी करून थायमसची गाठ, पार्व्हो बी-१९ विषाणू, मोठ्या दाणेदार लिम्फोसाइटचा आजार आणि डायलिसिसच्या रुग्णात एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनविरुद्धच्या अँटिबॉडी शोधायच्या. इथे स्टेरॉइडचा उपयोग होतो, सायक्लोस्पोरिनचा त्याहून अधिक. कमी पेशींचा एमडीएससुद्धा कधीकधी एटीजीला दाद देतो, म्हणून एमडीएस आणि अप्लास्टिक या दोघांची सीमारेषा बायोप्सी पाहणाऱ्यालाही जाच देते.

पैशांबाबत: मूल किंवा १८ वर्षांखालचा रुग्ण असेल आणि घरात जुळणारा दाता असेल तर कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना अप्लास्टिक अ‍ॅनिमियालाही १० लाखांपर्यंत मदत देते. प्रौढासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे मुख्यमंत्री व पंतप्रधान सहायता निधीचे अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या, एचएलएच्या निकालाची वाट न पाहता.

बरं झाल्यावरची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे सायक्लोस्पोरिन झटक्यात बंद करणं. आकडे स्थिर झाल्यावरही वर्षभर पूर्ण डोस, मग दर दोन-तीन महिन्यांनी २५ मिलिग्रॅम इतक्या मुंगीच्या पावलांनी उतरवायचं. तरी साधारण एक तृतीयांशांत आजार डोकं वर काढतो. बहुतेक वेळा डोस परत वाढवला की तो शमतो. दहा वर्षांत १० ते १५ टक्क्यांत एमडीएस किंवा ल्युकेमियाकडे वळण होतं, म्हणून पीएनएच क्लोन दरवर्षी, आणि आकडे विनाकारण घसरले तर मॅरो व कॅरिओटाइप पुन्हा. वीस-पंचवीस पिशव्या रक्त चढलं असेल तर फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा) बहुधा हजारापलीकडे गेलेलं असतं. सायक्लोस्पोरिन चालू असताना लोह काढणारं डेफेरासिरॉक्स जपून द्यावं, दोन्ही मूत्रपिंडावर येतात. ट्रान्सप्लांटनंतर हिमोग्लोबिन १२-१३ वर टिकलं असेल तर गोळ्यांची गरज नाही; दर दोन-तीन आठवड्यांनी शिरेतून थोडं रक्त काढून टाकलं की लोह उतरतं.